पिकवणारे हात आणि जपणारे हात

मे महिन्याच्या अखेरीस आपल्या घरांच्या गच्चीवर एके काळी तुरीची वाळवणे पडत. वर्षाची तूर घरात आलेली असे. तिला तेलाचा हात लावायचा, रात्रभर झाकून ठेवायची, मग तीन-चार कडक उन्हे दाखवायची आणि जात्यावर भरडायची. भरडलेली डाळ पाखडून, चाळून, पुन्हा एक ऊन देऊन पत्र्याच्या कोठीत भरली जाई. चुणी गाईच्या आंबोणात जाई. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी हे सारे आटोपलेच पाहिजे, असा आजीचा दंडक होता. आकाशात एखादा काळा ढग दिसला की तिची घालमेल सुरू होई. आम्हा मुलांना त्या घाईचे कारण कळत नसे. घरात धान्याची दुकानदारी, वखारीत पोत्यांच्या थप्प्या. मग दोन पायली तुरीसाठी एवढी धावपळ कशाला, असे वाटे.

कारण पुढे पुष्कळ वर्षांनी समजले. कडधान्यातला भुंगेरा आपली अंडी अखंड दाण्याच्या गुळगुळीत सालीवर चिकटवतो. अंड्यातून निघालेली अळी दाण्याच्या आत शिरते, आतल्या आत वाढते आणि गोल भोक पाडून भुंगेरा होऊनच बाहेर येते. दाण्याची डाळ केली की त्याला हवी तशी जागा उरत नाही. तेलाचा हात लागलेल्या दाण्यावर अंडी नीट चिकटत नाहीत. उन्हाने दाण्यातला ओलावा निघून जातो, आणि ओलावा नसला की किडीला वाढ नाही. आजीने यातले काही वाचलेले नव्हते. परंतु जीव मारावा लागू नये म्हणून तो उपजूच न देणे, आणि दाणा वाया जाऊ नये म्हणून तो वेळेवर जपणे, ही दोन्ही कामे ती एकाच कृतीत साधत होती.

आज जगाच्या अन्नाचा विचार करताना ती गच्ची पुन्हा पुन्हा आठवते.

आठ अब्ज ताटे

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या आठ अब्ज झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. या शतकाच्या मध्यापर्यंत ती साडेनऊ अब्जांच्या पुढे जाईल आणि २०८०च्या दशकात सुमारे १०.३ अब्जांवर पोहोचून मग हळूहळू उतरू लागेल, असा त्याच संस्थेचा २०२४ मधील अंदाज आहे. म्हणजे आज शाळेत जाणारी आपली नातवंडे वृद्ध होतील तेव्हा पृथ्वीवर आजच्यापेक्षा दोन अब्ज ताटे अधिक मांडावी लागतील. आजचीच सर्व ताटे भरलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती.

या प्रश्नाची चर्चा सहसा दोन टोकांनी होते. एका टोकाला शास्त्रज्ञ असतो; त्याने नवे वाण काढावे. दुसऱ्या टोकाला शेतकरी असतो; त्याने अधिक पिकवावे. दोघांचेही काम मोठे आहे, यात शंका नाही. परंतु शेतातून निघालेला दाणा ताटात पोहोचेपर्यंत जो दीर्घ प्रवास करतो, त्या प्रवासात तो कोणाच्या तरी हाती असतो. खळ्यावरून मार्केट यार्डात, अडत्याकडून डाळ मिलमध्ये, मिलमधून घाऊक पेठेत आणि तिथून किराणा दुकानात, असा तो फिरतो. हे मधले हात आपले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपण धान्याचा व्यापार करत आलो आहोत. तेव्हा या प्रश्नात आपला वाटा कोणता, हे आपण विचारले पाहिजे. आणि ते दुसऱ्या कोणी बोट दाखवण्यापूर्वी विचारले पाहिजे.

सरासरीने पोट भरत नाही

हवामान बदलाने पीक कमी होईल, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. १९६१ पासूनच्या काळात जगाच्या शेतीची उत्पादकता वाढलीच आहे. फक्त तापमान वाढले नसते तर ती जितकी असती त्यापेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी कमी राहिली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे अनुमान आहे. वाढ खुंटणे हा एक भाग झाला. व्यापाऱ्याला त्याहून अधिक जाणवतो तो दुसरा भाग, आणि तो म्हणजे हेलकावे. एका वर्षी माल ठेवायला जागा नसते आणि पुढच्या वर्षी पेठ ओस पडते.

उदाहरण अगदी ताजे आहे. २०२२चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाच्या ओंब्या भरण्याचे ते दिवस. उत्तर भारतात दाणा बारीक पडला, उतारा घटला. रशिया-युक्रेन युद्धामुळे जगाला त्या वर्षी भारताच्या गव्हाची आशा लागलेली होती. १३ मे २०२२ रोजी भारताने गव्हाची निर्यात थांबवली. पुढल्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि २० जुलै २०२३ रोजी बासमती वगळता पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली. ज्या देशांची चूल भारताच्या तांदळावर पेटते, तिथे भाव भडकले. आकाशातील उष्णतेचा असा परिणाम बंदरातल्या जहाजापर्यंत आणि तिथून परक्या देशातल्या एखाद्या मजुराच्या भातापर्यंत पोहोचतो.

पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढली तर ती पुरेशी दिसू शकते. पण सरासरी काही कोणाच्या पोटात जात नाही. सुगीच्या वर्षाचा दाणा टंचाईच्या वर्षापर्यंत टिकला तरच ती सरासरी खरी होते. आणि तो टिकवणे हे काम शेताचे नसून कोठाराचे आहे.

तुरीची तीन वर्षे

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात तुरीने फार कठोरपणे शिकवली आहे.

तूर हे खरे तर बदलत्या हवामानाला साजेसे पीक. तिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून पावसाचा खंड ती सोसते. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे तिला नत्रखत थोडेच लागते आणि पुढच्या पिकालाही काही शिल्लक राहते. पाने गळून जमिनीला सेंद्रिय खत मिळते. मांसाहार न करणाऱ्या घरात प्रथिनांचा मोठा भार डाळीच उचलतात. जगात कडधान्ये सर्वाधिक पिकवणारा, सर्वाधिक खाणारा आणि सर्वाधिक आयात करणाराही देश भारतच आहे.

परंतु सोशिक असली तरी तूर अजिंक्य नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत ती पाच-सहा महिने शेतात उभी असते. तेवढ्या काळात हवामानाचा प्रत्येक लहरीपणा तिला सोसावा लागतो. पाणी साचले की मूळ कुजते. फुलोऱ्यात ढगाळ हवा व धुके आले की फुले गळतात आणि शेंगा पोखरणारी अळी वाढते.

२०१४ मध्ये देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ८८ टक्के झाला, २०१५ मध्ये ८६ टक्के. लागोपाठच्या या दोन वर्षांनी मराठवाडा होरपळला. देशातील डाळ उद्योगाची एक मोठी पेठ असलेल्या लातुरात प्यायला पाणी उरले नाही आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधीच, २०१५च्या ऑक्टोबरात, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. सामान्य घरांत वरण पातळ झाले. पुष्कळ घरांत ते रोज शिजेनासे झाले.

केंद्र सरकारने आयात वाढवली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला. टांझानिया, मलावी, मोझांबिक या पूर्व आफ्रिकेतील देशांत तूर आपल्याकडची तूर निघण्याच्या काही महिने आधी काढणीला येते, म्हणून ती आपल्या टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडते. इकडे चढे भाव पाहून आपल्या शेतकऱ्यांनीही मोठ्या आशेने तूर पेरली. २०१६ चा पाऊस चांगला झाला. २०१५-१६ मध्ये सुमारे २५ लाख टन असलेले तुरीचे उत्पादन २०१६-१७ मध्ये एकदम ४८ लाख टनांच्या पुढे गेले.

हा आनंदाचा क्षण असायला हवा होता. प्रत्यक्षात काय झाले, ते यार्डात बसणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले आहे. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, आणि पेठेतला भाव चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदी केंद्रांसमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या लांबच लांब रांगा लागल्या. बारदाना संपला, गोदामे भरली. एप्रिल २०१७ मध्ये खरेदी बंद झाली तेव्हा असंख्य शेतकरी आपल्या मालावर उघड्यावर बसून होते. निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी उठली ती त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस. तोवर शेतकऱ्याने तूर विकून टाकली होती, मिळेल त्या भावाने.

दोन वर्षांपूर्वी जी डाळ सोन्याच्या मोलाची होती, तीच आता ठेवायला जागा नव्हती. पाऊस कोणाच्या हाती नव्हता, हे खरे. पण सुगीचा माल हाती घेऊन वर्ष-दोन वर्षे नीट सांभाळील अशी व्यवस्था उभी नव्हती, हा दोष पावसाचा म्हणता येत नाही.

साठवण आणि साठेबाजी

इथे आपल्याला थोडे अवघड बोलले पाहिजे.

२०१५ च्या टंचाईत देशभर गोदामांवर छापे पडले आणि लाख टनांहून अधिक डाळ जप्त झाली. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. जप्त झालेला सारा माल साठेबाजीचा होता, असे मुळीच नाही. मिल चालवायची तर दोन-तीन महिन्यांचा कच्चा माल हाताशी लागतो. आयातदाराचा माल बंदरातून उतरून वाटप होईपर्यंत गोदामात राहणारच. अनेक सचोटीच्या व्यापाऱ्यांना त्या काळात विनाकारण मनस्ताप झाला. पण काहींनी भाव आणखी चढेल या हिशोबाने माल दाबून ठेवला होता, हेही आपण आपापसांत नाकारत नाही. त्यांनी त्या हंगामात चार पैसे अधिक मिळवले. त्याची किंमत मात्र सगळ्या व्यापारी समाजाने मोजली. तेव्हापासून ‘साठा’ हा शब्दच संशयास्पद झाला.

त्याचा परिणाम लगेच पुढच्या सुगीत दिसला. भाव कोसळले असताना खासगी व्यापाऱ्याने माल उचलून साठवला असता तर शेतकऱ्याला आधार मिळाला असता आणि पुढच्या टंचाईची बेगमीही झाली असती. पण साठ्यावर मर्यादा आणि मनात छाप्याची भीती असताना तो धीर कोण करणार? सप्टेंबर २०१६ मध्ये अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने नेमके हेच सुचवले होते: सरकारने २० लाख टन कडधान्यांचा राखीव साठा करावा आणि व्यापाऱ्यांवरील साठ्याच्या मर्यादा व निर्यातीचे निर्बंध काढावेत. राखीव साठ्याचा निर्णय झाला. साठ्याच्या मर्यादा मात्र पुढेही टंचाईची चाहूल लागताच परत येत राहिल्या. जोवर व्यापाऱ्यावर विश्वास नाही, तोवर त्या येतच राहतील.

साठवण आणि साठेबाजी यांत फरक कोणता? दोन्हींत गोदाम तेच, पोती तीच, कुलूपही तेच. फरक दोन ठिकाणी आहे: माल केव्हा घेतला आणि केव्हा सोडला. सुगीत, भाव पडलेले असताना घेणारा शेतकऱ्याला तारतो. टंचाईत, भाव चढलेले असताना सोडणारा गिऱ्हाइकाला तारतो. मधल्या काळाचे व्याज, भाडे, घट आणि वाजवी नफा हा त्याचा हक्काचा मोबदला आहे. टंचाई सुरू झाल्यावर घेणारा आणि ती वाढावी म्हणून न सोडणारा दोघांनाही बुडवतो.

आपल्या परंपरेने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरचा श्रेष्ठी जगडूशा याचे नाव आपल्या घरांत आजही घेतले जाते. विक्रम संवत १३१२ नंतर गुजरातेत सलग दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या ‘जगडूचरिता’त सांगितले आहे की परमदेवसूरींकडून येणाऱ्या दुष्काळाची सूचना मिळाल्यावर जगडूने आधीच ठिकठिकाणी धान्य भरून ठेवले. हे धान्य गोरगरिबांसाठी आहे, असा लेख त्याने कोठारात ठेवला होता. दुष्काळ पडला तेव्हा त्याने ती कोठारे उघडली. राजा विसलदेवालाही त्याच्याकडून धान्य न्यावे लागले. चरित्रातील आकडे काव्याचे म्हणून बाजूला ठेवले, तरी त्यातला व्यवहार ध्यानात घेण्यासारखा आहे. जगडूशा दानशूर म्हणून प्रसिद्ध आहे, पण दानाआधी तो दूरदृष्टीचा व्यापारी होता. धान्य त्याने स्वस्ताईत घेतले होते आणि ते किडू दिले नव्हते. नाही तर दान करायला काय उरले असते?

गोदामातील हिंसा आणि यत्ना

किडीची गोष्ट किरकोळ नाही. नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार भारतात कडधान्यांचे काढणीपासून पुढील नुकसान ५.६५ ते ६.७४ टक्क्यांच्या दरम्यान आहे. टक्केवारी लहान वाटते. देशाचे कडधान्यांचे उत्पादन दोन कोटी टनांच्या वर आहे, हे लक्षात घेतले की ही नासाडी काही लाख टनांची आहे हे समजते. एवढी डाळ आपण परदेशातून परकीय चलन मोजून आणतो.

भुंगेऱ्याची एक मादी ऐंशी-शंभर अंडी घालते आणि उष्ण, दमट हवेत महिनाभरात नवी पिढी तयार होते. शेतातल्या शेंगेवर घातलेली दोन-चार अंडी पोत्यातून गोदामात येतात आणि श्रावणापर्यंत थप्पीची थप्पी पोखरली जाते. तापमान व दमटपणा जसा वाढेल तसा हा धोकाही वाढेल. हवामान बदलाचा विचार आपण शेताच्या बांधापर्यंतच करतो. तो गोदामाच्या दारातूनही आत येतो.

आणि इथेच आपल्या घरांतील जुना पेच उभा राहतो. कीड लागल्यावर विषारी धुरी द्यायची तर असंख्य जीव जातात. हाताळणी चुकली तर हमालाच्याही जिवावर बेतते. न द्यावी तर माल जातो आणि कीड शेजारच्या थप्पीत पसरते. पुष्कळ जण ‘ते काम दुसऱ्याकडून करून घेतो’ म्हणून मनाचे समाधान करून घेतात. परंतु करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांत फरक मानू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. या पेचातून वाट निघते ती एकच, आणि ती आजीच्या गच्चीवरची आहे. कीड मारण्याची वेळच येऊ नये असे जपणे, यालाच आपण यत्ना म्हणतो.

आज त्यासाठी साधने आहेत. खरेदीच्या वेळी ओलावामापक यंत्र लावून दाण्यातला ओलावा पाहता येतो. तो दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत माल वाळवूनच थप्पीला लावावा. पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. रिकाम्या गोदामाच्या फटी हंगामापूर्वी बुजवाव्यात, जुन्या बारदानाला कडक ऊन द्यावे. पावसाळ्याआधी जमेल तितक्या तुरीची डाळ करून घ्यावी, कारण अखंड दाण्यापेक्षा डाळ अधिक टिकते. हवाबंद पिशव्यांचाही उपयोग होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधील चवळी उत्पादकांसाठी अशी तीन पदरी पिशवी विकसित केली. आतला प्राणवायू संपला की आत राहिलेली कीड वाढत नाही, मरते. म्हणून तीही पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही. पण स्वच्छ, सुकलेला, निवडलेला माल आधीच भरून बंद केला, तर हिंसा कमीत कमी होते आणि विष तर लागतच नाही.

शेतकऱ्याच्या घरातही कोठार हवे

साठवणीचा लाभ केवळ गोदामवाल्याला मिळाला तर शेतकरी ती का म्हणून चांगली मानील? सुगीत तो विकतो, कारण त्याला देणी भागवायची असतात. ती निकड भागली तर तोही थांबू शकतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून याचसाठी चालू आहे. शेतकऱ्याने तूर, सोयाबीन, मूग यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते. भाव सुधारल्यावर तो माल विकून कर्ज फेडतो. नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँकेकडून कर्ज घेण्याची सोयही २००७ च्या गोदाम कायद्याने झाली आहे.

अनेक शेतकऱ्यांना याची माहिती नसते. ती त्याला सर्वांत आधी कोण देऊ शकतो? ज्याच्या आडतीवर तो वर्षानुवर्षे येतो, उचल घेतो, मुलीच्या लग्नाची पत्रिका देतो, तो अडत्या. ‘आज विकू नका, तारण ठेवा,’ असे सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा सौदा जाईल. पण पुढच्या वीस वर्षांचा शेतकरी त्याच्याजवळ राहील. जुन्या पेढ्यांची पत अशीच उभी राहिली होती.

शास्त्रज्ञ आपले काम करत आहेत. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेत तुरीचे तेरा हजारांहून अधिक वाण जपून ठेवले आहेत. तुरीचा जनुकीय आराखडा २०११ मध्ये तयार झाला, आणि ४५ अंश तापमानातही तग धरणारा, सव्वाशे दिवसांत येणारा वाण विकसित केल्याचे या संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केले. विचार केला तर त्या संस्थेची वाणपेढी हेही एक कोठारच आहे. उद्याच्या उष्णतेला उत्तर देणारा गुण कोण्या काळी कोणीतरी जपलेल्या मूठभर दाण्यांतच सापडतो.

ताटापर्यंत

शेवटचे कोठार आपल्या घरात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न दुकाने, उपाहारगृहे व घरे यांतून वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून. ग्राहकापर्यंत पोहोचू शकणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो. वाया गेलेल्या अन्नाबरोबर त्याला लागलेले पाणी, खत आणि इंधनही वाया जाते. जगाच्या उष्णतावाढीला कारण होणाऱ्या वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू शेतापासून ताटापर्यंत होणाऱ्या अन्नाच्या एकूण नुकसानीतून व नासाडीतून येतात.

ताट धुऊन ते पाणी पिण्याचा रिवाज आपल्यातील वडीलधारी मंडळी अजून पाळतात. तीच घरे लग्नसमारंभात ऐंशी-शंभर पदार्थांचे टेबल मांडतात आणि रात्री उरलेल्या अन्नाच्या पिंपांकडे पाठ फिरवतात. या दोन गोष्टी एका घरात कशा राहतात, याचे उत्तर देणे कठीण आहे. पदार्थ निम्मे केल्याने कोणत्याही कुळाची प्रतिष्ठा निम्मी झाल्याचे ऐकिवात नाही. पाहुण्यांचा आकडा आचाऱ्याला खरा सांगणे, उरलेले अन्न गरम असतानाच योग्य ठिकाणी पोहोचवणारी माणसे आधी ठरवून ठेवणे, एवढे तर लग्नघराला सहज जमते.

दोन अब्ज नव्या ताटांचा प्रश्न एकट्या व्यापारी समाजाने सुटणार नाही. पाऊस आपल्या हाती नाही, बंदरे आणि कायदेही नाहीत. पण येत्या डिसेंबर-जानेवारीत नवी तूर यार्डात येईल. एखाद्या वर्षी ती थोडी असेल, एखाद्या वर्षी अमाप. तिचा भाव कोसळलेला असताना आपण ती घेऊ का, घेतली तर किडू न देता जपू का, आणि एखाद्या घरातले वरण पातळ होऊ लागेल त्या दिवशी कुलूप काढू का, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आपल्याच वहीत लिहिली जाणार आहेत.

आजीची ती पत्र्याची कोठी अजून घरात आहे. तिचे झाकण घट्ट बसते. गेल्या मे महिन्यात पुष्कळ वर्षांनी गच्चीवर पुन्हा तूर वाळत घातली. मुलांनी विचारले, “तयार डाळ मिळत असताना हे कशाला?” त्यांना भुंगेऱ्याची गोष्ट सांगितली. मृगाला अजून आठ दिवस होते. तरी दुपारी आभाळ भरून आले तेव्हा चादर घेऊन सर्वांत आधी जिना चढणारी तीच मुले होती.